क्लिअर लेकची हजेरी

मिरजेत आमच्या घरापासून मीरासाहेबांचा दर्गा चालत दहा मिनिटांवर. उरुसात वडील आम्हा भावंडांना शाली गुंडाळून तिथे न्यायचे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं चालायचं आणि आम्ही निम्मे झोपेत, निम्मे जागे ऐकत बसायचो. मोठमोठे कलाकार बिदागी न विचारता यायचे, गाऊन जायचे. त्याला हजेरी म्हणायचं. खाँसाहेब १९३७ साली गेले ते प्रवासात. दक्षिणेत पाँडिचेरीकडे रेल्वेने निघाले होते, वाटेत बरं वाटेना म्हणून एका लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथेच त्यांनी प्राण सोडला. गाणारा माणूस वाटेत गेला, तर त्याच्या गावाने त्याच्यासाठी गात राहायचं, हे मला लहानपणापासून अगदी सरळ वाटत आलं.

गेली अकरा वर्षं मी अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स गावी राहते. मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी, आजूबाजूला नजर पोचेल तिथवर मक्याची शेतं. एम्सहून उत्तरेला दीड तास गाडी हाकली की क्लिअर लेक लागतं. वस्ती साधारण ७,७००. गावाला नाव दिलेलं तळं जानेवारीत असं गोठतं की लोक त्यावर छोट्या खोपट्या नेऊन ठेवतात आणि बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, जेव्हा शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही, तेव्हा या गावातल्या हॉटेलांत खोली मिळत नाही. देशभरातून आणि परदेशातूनही माणसं येतात आणि शनिवारपर्यंत नाचतात. या जलशाचं नाव ‘विंटर डान्स पार्टी’. यंदा माझी तिसरी खेप होती.

नाच होतो तो सर्फ बॉलरूममध्ये. बाहेरून ही साधी, बसकी विटांची इमारत. आधीचा हॉल १९४७ साली जळाला, तेव्हा रस्त्यापलीकडे हा नवा बांधला. १९४८ पासून तो जवळपास तसाच आहे. आत शिरलं की मात्र माणूस थबकतो. समुद्रापासून हजार मैल आत, मक्याच्या प्रदेशात, कुणीतरी समुद्रकिनारा उभा केला आहे. भिंतींवर लाटा आणि ताडामाडाची झाडं रंगवलेली, सजावटीत अननस, डोक्यावर निळं छत आणि त्यावर दिव्याच्या झोतातून सरकणारे ढग. मधोमध मेपल लाकडाची गुळगुळीत जमीन, तिच्याभोवती पायरीपायरीने चढत गेलेले लाकडी बाकांचे कप्पे. मागच्या बाजूला कलाकारांच्या खोलीच्या भिंती वर्षानुवर्षांच्या सह्यांनी भरून गेल्या आहेत. २०२१ साली अमेरिकेच्या सरकारने या इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला.

तो दर्जा मिळाला एका रात्रीमुळे. २ फेब्रुवारी १९५९, सोमवार. त्या रात्री इथे बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि ‘बिग बॉपर’ या नावाने गाणारे जे. पी. रिचर्डसन यांचा कार्यक्रम झाला. डायॉन अँड द बेल्मॉन्ट्स आणि फ्रँकी सार्डो हेही होते. तिकीट सव्वा डॉलर. पहिल्या तिघांचा तो शेवटचा कार्यक्रम ठरला.

रॉक अँड रोल तेव्हा अगदी कोवळं होतं. काळ्या अमेरिकनांचे ब्लूज आणि ऱ्हिदम अँड ब्लूज, गोऱ्या खेडुतांचं कंट्री संगीत, चर्चमधलं गाणं, हे सगळं पन्नाशीच्या दशकात रेडिओवर एकमेकांत मिसळलं. चक बेरी, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो या काळ्या कलाकारांनी त्याला अंगकाठी दिली, हे आधी सांगायला हवं, कारण पुष्कळदा ते शेवटी सांगितलं जातं. टेक्ससमधल्या लबक गावचा बडी हॉली त्यांचं ऐकत वाढला. गिटार, बास, ड्रम एवढ्याच साहित्यावर, स्वतः लिहिलेली गाणी, मध्येच उचकी लागल्यासारखा सूर तोडत तो म्हणायचा. ‘दॅटल बी द डे’ १९५७ साली गाजलं. पुढच्याच वर्षी लिव्हरपूलच्या काही पोरांनी स्वतःच्या पैशाने पहिली तबकडी भरली ती याच गाण्याची. त्या पोरांतून पुढे बीटल्स झाले.

रिची व्हॅलेन्स अवघा सतरा वर्षांचा. खरं आडनाव व्हॅलेन्झुएला, मेक्सिकन कुळातला. ‘ला बाम्बा’ हे मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझ भागातलं जुनं लोकगीत त्याने इलेक्ट्रिक गिटारवर घेतलं. आपल्याकडे कुणी कोळीगीत असं उचललं असतं आणि ते जगभर वाजलं असतं, तर कसं वाटलं असतं, तसं ते तिकडच्या लोकांना वाटलं असणार. आणि आपणही या लाटेपासून अगदी लांब नव्हतो. १९५७ सालीच, ‘आशा’ चित्रपटात, पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर म्हणजे आपले सी. रामचंद्र यांनी ‘ईना मीना डीका’ बांधलं होतं. मी ते सर्फमध्ये ओळखीच्या झालेल्या एका ड्रमवाल्याला फोनवर ऐकवलं. त्याने दोन्ही मांड्यांवर ताल धरला आणि पुन्हा लावायला सांगितलं.

आता हे कलाकार तेव्हा ज्या दौऱ्यावर होते, त्याबद्दल. चोवीस दिवसांत चोवीस गावं, भर थंडीत, उत्तरेच्या सपाट मुलखात. गावं नकाशावर ओळीनेही लावलेली नव्हती. आज पूर्वेला, उद्या पश्चिमेला, परवा पुन्हा मागे. दुलुथ गावच्या कार्यक्रमाला सतरा वर्षांचा एक मुलगा श्रोत्यांत उभा होता. तो पुढे बॉब डिलन झाला आणि नोबेलच्या व्याख्यानात त्याने त्या संध्याकाळची आठवण सांगितली. त्याच रात्री, कार्यक्रमानंतर, विस्कॉन्सिनच्या जंगलाजवळ बस बंद पडली. हॉलीचा ड्रमवाला कार्ल बंच याचे पाय हिमदंशाने बधिर झाले, त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. राहिलेल्यांनीच मग आळीपाळीने ड्रम सांभाळले. क्लिअर लेक तर मूळ यादीत नव्हतंच. सोमवार मोकळा होता, म्हणून आयत्या वेळी ते घातलं गेलं.

त्या बसबद्दल मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. पहिल्या वर्षी परत येताना माझ्या जुन्या गाडीचा हीटर हमरस्त्यावर बंद पडला. आदल्याच आठवड्यात एका गॅरेजमध्ये पैसे मोजून तो नीट करून घेतला होता. बाहेर उणे २०. पाच मिनिटांत काचेच्या आतल्या बाजूला श्वासाचं बर्फ धरायला लागलं. एका हाताने काच खरवडत, दुसऱ्याने स्टिअरिंग धरत मी चाळीस मिनिटं चालवली. आधी पायाची बोटं दुखली, मग दुखायची थांबली, आणि दुखायची थांबली तेव्हा मी घाबरले. पुढच्या पेट्रोल पंपावर उतरले तर बुटातले पाय आपले वाटेनात. गरम पाण्याचा ग्लास हातात धरून मी तिथे रडले. त्या मुलांनी हे रात्रीमागून रात्री काढलं होतं, आणि पुढचं गाव मूरहेड आणखी साडेपाचशे किलोमीटरवर होतं.

म्हणून हॉलीने छोटं विमान ठरवलं. माणशी ३६ डॉलर. आधी पोचू, गादीवर झोपू, मळके कपडे धुऊन घेऊ, एवढाच हिशेब. त्याचं वय बावीस, लग्न होऊन सहा महिनेही झाले नव्हते. विमानात पायलटखेरीज तिघांची जागा. हॉलीच्या साथीदारांपैकी वेलन जेनिंग्जने आपली जागा तापाने फणफणलेल्या बिग बॉपरला दिली. दुसरा साथीदार टॉमी ऑलसप, त्याची जागा नाणेफेकीत रिचीला गेली. शेजारच्या मेसन सिटीच्या विमानतळावरून रात्री एकच्या सुमाराला बीचक्राफ्ट बोनान्झा जातीचं ते विमान उडालं आणि काही मैलांवरच मक्याच्या शेतात कोसळलं. हलका बर्फ, वारा, खाली कुठे दिवा नाही, वर तारा नाही. अशा वेळी विमान तिरकं आहे की सरळ, हे डोळ्यांना कळत नाही, फक्त यंत्रावर विसंबावं लागतं. पायलटला तेवढ्या यंत्रांवर उडायची परवानगी नव्हती. शिवाय त्या विमानातलं, कल दाखवणारं यंत्र त्याच्या सवयीच्या यंत्रापेक्षा उलट्या पद्धतीने चढउतार दाखवायचं. हवामानाचा पुरेसा इशाराही त्याला मिळाला नव्हता. चौकशी अहवालात हे सगळं आहे.

डॉन मॅक्लीनच्या १९७१ च्या ‘अमेरिकन पाय’ या गाण्यापासून त्या दिवसाला संगीताचा मृत्युदिन म्हणायची रीत पडली. गाणं मला आवडतं. पण सर्फमध्ये तसं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. दुसऱ्या वर्षी माझ्या कप्प्यात एक आजीबाई येऊन बसल्या, निळा फुलाफुलांचा झगा, पायात पांढरे मोजे. १९५९ साली त्या सोळा वर्षांच्या, जवळच्या शेतावरच्या. त्या रात्री याच हॉलमध्ये होत्या. दुसऱ्या दिवशी शाळेत बातमी कशी आली, मुली कशा रडल्या, हे मी विचारायला लागले तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “ते सगळे विचारतात. त्या रात्री इथे कुणी मेलं नव्हतं गं. इथे आम्ही नाचलो. इतके नाचलो की परत जाताना कोट घालायची शुद्ध नव्हती.” मग त्यांनी तो गाणारा सोळा-सतराचा मुलगा मंचावर कुठे उभा होता, ते बोटाने दाखवलं. डावीकडून तिसरी फळी, म्हणाल्या.

गावाने १९७९ साली, वीस वर्षांनी, पहिल्यांदा या आठवणीचा जलसा भरवला. स्थानिक रेडिओवरच्या एका निवेदकाचा तो ध्यास. आता त्याला पक्कं रूप आलं आहे. दिवसा जुन्या वादकांच्या गप्पा, नाचाचे वर्ग, अपघाताच्या जागी नेणाऱ्या बस. रात्री त्या काळातली गाणी वाजवणारे बँड. कपाटातून घेरदार झगे निघतात. नातवंडं आजोबांना धरून शिकतात. मला वाटतं, या गावाने फार नेमकी गोष्ट जपली आहे: अपघाताच्या आधीचे ते काही तास.

आजीबाईंनी मला नाचायला ओढलं तेव्हा माझी टाळी चुकत होती. चार मात्रांच्या आवर्तनात आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर, समेवर पडतो. रॉक अँड रोलमध्ये ड्रमवाला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर काठी हाणतो. सारा झोका तिथे आहे. “अगं, थांब, पहिला जाऊ दे,” त्या ओरडत होत्या, “पाय पहिल्याला, हात दुसऱ्याला!” मिरजेत वडिलांच्या मांडीवर बसून शिकलेली सम सोडायला मला तीन गाणी लागली. चौथ्याला जमलं. आजीबाईंनी तेव्हा मान डोलावली, अगदी आपल्याकडे दाद देतात तशी.

यंदा त्या दिसल्या नाहीत. दारातल्या माणसाला विचारायला माझा धीर झाला नाही.

रविवारी सकाळी परत निघण्याआधी मी शेतावर गेले. गावाच्या उत्तरेला, कच्च्या रस्त्याच्या वळणावर, माणसापेक्षा उंच असा काळ्या चष्म्याचा लोखंडी सांगाडा उभा आहे, तीच खूण. हॉलीचा चष्मा १९५९ च्या वसंतात बर्फ वितळल्यावर शेतात सापडला. सरकारी लिफाफ्यात बंद होऊन तो विसरला गेला आणि १९८० साली मेसन सिटीच्या न्यायालयात पुन्हा हाती लागला. आता लबकच्या संग्रहालयात आहे. खुणेपासून कुंपणाच्या कडेकडेने चालत जावं लागतं, एका बाजूला कापलेल्या मक्याची खुंटं. पुढे स्टीलची गिटार आणि तीन तबकड्या, विस्कॉन्सिनच्या एका चाहत्याने १९८८ साली बनवलेल्या. भोवती लोकांनी ठेवलेले चष्मे, नाणी, गिटारच्या नख्या.

तिथेच पायलट रॉजर पीटरसनचंही स्मारक आहे. वय एकवीस, आयोवाचाच मुलगा, नुकतंच लग्न झालेलं. ते बसायला २००९ साल उजाडलं, म्हणजे पन्नास वर्षं. गाणाऱ्यांवर प्रेम करणाऱ्या लोकांना त्याच्याही आईबापांचा विचार करायला एवढा वेळ लागला, हे मला तिथे दरवेळी लागतं. मी आधी त्याच्यापाशी उभी राहते.

या खेपेला माझ्या खिशात मिरजेहून भावाने पाठवलेली सतारीची नखी होती. तंतुवाद्यांच्या आळीत वळलेली, पितळी तारेची. हातमोजा काढून ती मी पीटरसनच्या दगडाच्या कडेला, बर्फात बोटाने खळगा करून ठेवली. वाऱ्याने बर्फाची भुरभुर उडत होती. मी कुंपणाला हात लावून परत वळून पाहिलं तेव्हा खळगा भरला होता.