आधी उतार, मग इमारत

पुणे महापालिकेच्या हद्दीत 2017 मध्ये 11 गावं आली, 2021 मध्ये आणखी 23. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं आणि मुंबईला मागे टाकून पुणे तेव्हा राज्यातली सर्वांत मोठी महापालिका ठरली. पण या गावांतल्या शेतांवर सोसायट्या हद्दवाढीच्या आधीच उभ्या राहिल्या होत्या, गुंठ्यागुंठ्यानं प्लॉट विकले गेले होते. घरं आधी आली आणि ड्रेनेज लाइनची चर्चा मागाहून सुरू झाली. आपल्या बहुतेक शहरांचं दुखणं याच उलट्या क्रमात आहे.

पिण्याचं पाणी पंपाच्या दाबानं टेकडीवरही चढवता येतं. मैलापाणी मात्र शक्यतो उतारानंच न्यावं लागतं. त्याचा वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटरच्या खाली गेला की गाळ तळाशी बसतो आणि लाइन तुंबते. सपाट जमिनीत शंभराला एक असा उतार दिला, तर किलोमीटरभरात पाइप दहा मीटर खोल जातो. मोठ्या व्यासाच्या पाइपला कमी उतार पुरतो, तरी निसर्गाचा उतार सोडून चालत नाही. म्हणूनच मुख्य वाहिन्या ओढ्या-नाल्यांच्या कडेनं जातात आणि शुद्धीकरण केंद्राला नदीजवळची सखल जागा लागते. ती जागा शहराच्या विकास आराखड्यात राखली नाही आणि तिथे इमारत झाली, की पंपिंग स्टेशन आणि त्याचं वीजबिल शहराच्या गळ्यात कायमचं पडतं.

आता थोडा हिशेब. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात आणि त्यातलं सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. चाळीस बैठ्या घरांच्या वस्तीत दोनशे माणसं असतील, तर रोजचं सांडपाणी 21,600 लिटर होतं. त्याच जागी दोनशे फ्लॅटचे टॉवर आले आणि घरटी चार माणसं धरली, तर ते 86,400 लिटरवर जातं. म्हणजे थेट चौपट, आणि रस्त्याखालचा पाइप तोच. शिवाय हे पाणी दिवसभर सारखं येत नाही. सकाळी अंघोळी, धुणी, भांडी एकाच वेळी चालतात. तेव्हा पाइप काठोकाठ भरतो, चेंबरमधलं पाणी मागे फिरतं आणि गल्लीतल्या सर्वांत खालच्या घराच्या मोरीतून वर येतं. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल याचं प्रमाण, वाढल्याचा फायदा टॉवरला मिळतो, घाण मात्र त्या घरातली बाई बादलीनं उपसते. मला हा सरळ अन्याय वाटतो. वाढीव एफएसआयला मंजुरी देण्याआधी त्या भागातली ड्रेनेज लाइन किती भार सोसेल, हे लेखी मांडलंच पाहिजे.

ड्रेनेजचा विचार आधी हवा, हे कायद्यानं ओळखलं होतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 याच्या कलम 22 मध्ये विकास आराखड्यात काय असावं हे सांगताना पाणीपुरवठ्याबरोबर जलनिस्सारण आणि मैलापाण्याची विल्हेवाट यांचाही उल्लेख आहे. पण चर्चा होते ती कुठला पट्टा पिवळा, म्हणजे निवासी, झाला आणि कुणाच्या जमिनीवर आरक्षण पडलं याची. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा 2007 ते 2027 या काळासाठी होता. त्यावर 80,000हून अधिक हरकती आल्या. 2015 मध्ये राज्य सरकारनं तो महापालिकेकडून स्वतःकडे घेतला आणि मंजुरी मिळाली जानेवारी 2017 मध्ये. वीस वर्षांतली दहा तोवर सरली होती, आणि बांधकामं काही मंजुरीसाठी थांबली नव्हती.

पुण्यातल्या मुळा-मुठा नद्यांच्या शुद्धीकरणाचंही तसंच झालं. जपानच्या जायका या संस्थेशी कर्जाचा करार जानेवारी 2016 मध्ये झाला. सुमारे 990 कोटींच्या या योजनेत 11 नवी केंद्रं आणि दिवसाला 396 दशलक्ष लिटर क्षमता ठरली होती. निविदा प्रक्रिया रखडली, काही जागा ताब्यात यायला वेळ लागला आणि योजनेचं वेळापत्रक कोलमडलं. पैसा मंजूर होता, तरी सगळी जमीन हातात नव्हती. केंद्राची जागा वेळेत राखणं किती मोलाचं, हे यावरून कळावं.

या दिरंगाईची झळ पुण्याच्या वेशीवर थांबत नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमेचं पाणी उजनी धरणात साठतं आणि सोलापूर शहर ते पितं. पंढरपूरला वारकरी चंद्रभागा म्हणून स्नान करतात, तीही हीच भीमा. पुण्याचा आराखडा होताना खालच्या अंगाच्या या माणसांना कुणी विचारत नाही. हरकती मागवल्या जातात तेव्हा त्यांची बाजू पुणेकरांनीच मांडायला हवी.

सोसायटीचं स्वतःचं एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. त्याचे ब्लोअर विजेवर चालतात, गाळ नियमित काढावा लागतो, माहीतगार माणूस ठेवावा लागतो. खर्च वाचवायला ते बंद पडलं, की मैला पावसाळी गटारातून थेट नाल्यात जातो. शिवाय शुद्ध केलेलं पाणी बागेला आणि फ्लशला वापरूनही उरतंच. त्याला बाहेरची वाहिनी लागते.

तुमच्या गावाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होईल तेव्हा नगररचना कार्यालयात जाऊन नकाशा आणि त्यासोबतचा अहवाल दोन्ही पाहा. शुद्धीकरण केंद्राचं आरक्षण सखल भागात आहे का, नाल्याकाठी वाहिनीसाठी पट्टा मोकळा ठेवला आहे का, नव्या निवासी पट्ट्यातलं पाणी कुठल्या केंद्राकडे जाणार, हे तपासा. केंद्राचं आरक्षण उठवा अशी मागणी शेजाऱ्यांनी केली, तर ते तिथेच का हवं याचं निवेदन हरकतींच्या मुदतीत द्या. सर्व्हे नंबर लिहायला विसरू नका, आणि पोच घ्या.