शिरस्त्राण आणि त्याचा परिवार

१९१४ सालीं फ्रेंच पायदळ युद्धास निघालें तेव्हां त्याच्या डोक्यावर कापडी टोपी होती. खंदकांचें युद्ध सुरू होतांच त्या टोपीचा निरुपयोग कळून आला. खंदकांत उभ्या असलेल्या माणसाचें बाकीचें शरीर मातीच्या आड असतें. उघडें राहतें तें डोकें, आणि तोफगोळ्यांच्या ठिकऱ्या तर वरूनच यावयाच्या. १९१५ सालीं फ्रान्सनें आद्रियां या अधिकाऱ्याच्या नांवाचें पोलादी शिरस्त्राण सैन्यास दिलें. त्याच वर्षीं इंग्रजांनीं ब्रोडी यांची उथळ थाळीसारखी टोपी स्वीकारली, व १९१६ सालीं कान आणि मान झांकणारें जर्मन शिरस्त्राण रणांगणावर दिसूं लागलें. यांपैकीं एकहि समोरून येणारी बंदुकीची गोळी थोपवील, अशी अपेक्षाच नव्हती. ठिकऱ्या अडाव्या, एवढेंच त्यांचें काम.

जर्मन शिरस्त्राणाच्या दोन्ही बाजूंस शिंगांसारखे आंखूड खुंट असत. त्यांवर कपाळापुढें जाड पोलादी पत्रा अडकवितां येई. पण तो इतका जड कीं, पहारेकरी व नेमबाज यांच्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग झाला नाहीं. शिरस्त्राणास जें जोडावें त्याचा भार शेवटीं मानेवर पडतो, हा धडा तेथेंच मिळाला होता. तो पुढें अनेकदां विसरला गेला.

१९४१ सालीं अमेरिकेनें घेतलेलें शिरस्त्राण दुहेरी होतें : आंत हलका टोप, वर पोलादी कवच. हें कवच काढून शिपाई त्यांत दाढीचें पाणीहि घेत. हनुवटीचा पट्टा मात्र पुष्कळांना नकोसा वाटे. स्फोटाच्या झोतानें शिरस्त्राण उडालें तर पट्ट्यानें मानच मोडेल, ही धास्ती! अखेर जोराचा हिसका बसतांच सुटणारी कडी बनवावी लागली.

पोलादाची सद्दी संपली ती केव्हलर या कृत्रिम तंतूमुळें. स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनीं १९६५ सालीं त्याचा शोध लावला, आणि १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकन सैन्यानें त्याचीं शिरस्त्राणें घेतलीं. या विणलेल्या कापडाचे अनेक थर राळेनें एकत्र दाबलेले असतात. ठिकरी आदळली म्हणजे तंतू ताणले जातात व तिचा जोर आजूबाजूस पसरवितात. मात्र कवच आंतल्या बाजूस क्षणभर फुगतें; म्हणून डोकें आणि कवच यांमध्यें गाद्या बसवून अंतर राखावें लागतें. ती जागा नसेल तर अडविलेली ठिकरीहि कवटी फोडूं शकेल.

आजचें शिरस्त्राण सुमारें दीड किलो वजनाचें असतें. पण तें एकटें नसतें. कपाळावर रात्रीं पाहण्याच्या दुर्बिणीची बैठक, बाजूंस दिवा वा कॅमेरा अडकविण्याच्या पट्ट्या, कानांवर तोफेचा आवाज दाबून बोलणें ऐकूं देणारीं यंत्रें, आणि पुढचा भार तोलण्यासाठीं पाठीमागें वजन किंवा विजेऱ्यांची पिशवी. श्रवणयंत्रांना जागा हवी म्हणून कांहीं शिरस्त्राणांत कानांवरचा भागच कापून टाकला आहे. ऐकूं आलें, पण तेवढें डोकें उघडें पडलें. हा सौदा कोणत्या कामगिरीवर परवडतो, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. पायदळाच्या साध्या शिपायास तें ठरविण्याची मुभा क्वचितच असते.

२०२० सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत जुन्या-नव्या शिरस्त्राणांवर वरून स्फोटलहरी सोडून पाहिल्या. उघड्या डोक्यापेक्षां सर्वांनींच दाब पुष्कळ कमी केला. पण टाळूच्या रक्षणांत १९१५ सालचें आद्रियां अमेरिकेच्या नव्या शिरस्त्राणापेक्षांहि सरस ठरलें. त्याच्या माथ्यावरील उभ्या पत्र्यामुळें लहर बाजूस वळत असावी, असा संशोधकांचा तर्क आहे.