हट्टी मूल आणि घाईतले पालक

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी वसलेले बोरी बुद्रुक हे आमचे गाव. भूशास्त्राच्या आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे ते नदीकाठच्या गाळात सापडलेल्या राखेच्या थरामुळे. ही राख सह्याद्रीची नव्हे. येथून तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीच्या उद्रेकातून ती उडाली आणि वाऱ्याबरोबर येऊन कुकडीच्या खोऱ्यात विसावली, असे अनेक संशोधक मानतात. थराच्या वयाविषयी त्यांच्यात मतभेद आहेत. परंतु राख पडली एकीकडे आणि आग होती दुसरीकडे, याविषयी वाद नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत हा थर माझ्या नऊ वर्षांच्या मुलास दाखवीत असता एक गोष्ट मला उमगली. अर्थशास्त्राच्या अध्यापनात घालविलेल्या वीस वर्षांत ती उमगली नव्हती. मुलांचा हट्ट, आदळआपट, उर्मट उत्तरे, खोटे बोलणे ही पुष्कळदा अशीच दुसरीकडून आलेली राख असते. आपण पालक त्या राखेवर काठी आपटीत बसतो आणि आग कोठे आहे, हे पाहावयाचे राहून जाते.

दंडाचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने आम्ही शहरात बिऱ्हाड केले आणि मुलाला गावच्या मराठी शाळेतून काढून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले. त्यानंतर काही महिन्यांतच सायंकाळी वह्या काढण्याची वेळ झाली, की घरात रणधुमाळी सुरू होऊ लागली. दप्तर भिरकावणे, पाने फाडणे, आईला उलट बोलणे हे नित्याचेच झाले. एके दिवशी संतापाच्या भरात मी त्याच्या थोबाडीत मारली. गालावर चार बोटे उमटली. तो रडला नाही. माझ्याकडे नुसता पाहत राहिला. ती नजर मी अद्याप विसरलेलो नाही. अभ्यास तर त्या दिवशी झाला नाहीच; शिवाय दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वह्या शाळेतच ‘राहू’ लागल्या. माराने एवढेच साधले, की उघड नकाराची जागा खोटेपणाने घेतली.

मग मी माझ्या विषयाला शरण गेलो. अभ्यास न केल्यास खाऊच्या पैशांतून दहा रुपये दंड, असा नियम केला. आठवडाभर बरे चालले. नंतर एका सायंकाळी चिरंजीवांनी खिशातून दहाची नोट काढून टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हटले, “बाबा, हे आजचे दहा रुपये घ्या. आज मी अभ्यास करणार नाही.”

वर्गात जो प्रयोग मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो, तो माझ्याच घरात सिद्ध झाला होता. इस्रायलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांचा अभ्यास उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या अर्थतज्ज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यावयास उशिरा येणाऱ्या पालकांवर त्यांपैकी सहा पाळणाघरांत दंड बसविण्यात आला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला आणि उशिरा येणाऱ्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. पूर्वी उशीर करणाऱ्या पालकाला शिक्षिकेपुढे ओशाळे वाटे; आता त्याने उशिराची किंमत मोजलेली असे. पुढे दंड रद्द केला, तरी जुना संकोच परत आला नाही. दंडाचे असे आहे. तो वारंवार झाला, की शिक्षा उरत नाही, किंमत होते. आणि किंमत मोजली, की मनुष्य मोकळा होतो. मार खाण्यास सरावलेले मूल हेच करीत असते. ते पाठीवर किंमत मोजते आणि हवे ते करते.

दंडाऐवजी बक्षीस द्यावे, असे काहींना वाटेल. तेथेही सावधगिरी हवी. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मुळात चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील काही मुलांना चित्राबद्दल प्रशस्तिपत्र देण्याचे आधी कबूल केले. पुढे मोकळ्या वेळात ही मुले इतरांच्या मानाने निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रे काढीत, असे आढळले. जे काम आनंदाचे होते, ते मजुरीचे झाले. बक्षीस मुळीच देऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. परंतु मुलाशी असलेले सारे नाते देवघेवीवर उभारले, तर उद्या मूलही प्रत्येक गोष्टीचा भाव विचारू लागते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आग कोठे होती?

माझ्या घरातील कोडे सोडविले ते माझ्या आईने. तिला अक्षरओळख बेताचीच. सुटीत ओसरीवर शेंगा फोडीत असताना तिने नातवाला सहज विचारले, “वाचायला बसलास म्हणजे तुला काय होतं रे?” ‘अभ्यास का करत नाहीस?’ असे आम्ही त्याला शेकडो वेळा विचारले होते. पण तो प्रश्न नव्हे, आरोप होता. आजीचा प्रश्न हा खराखुरा प्रश्न होता. थोडा वेळ गप्प राहून मुलाने सांगितले, की वर्गात इंग्रजी धडा मोठ्याने वाचावा लागतो, त्याला अडखळावयास होते आणि मुले हसतात. संध्याकाळी वह्या उघडल्या, की ते हसणे त्याला पुन्हा ऐकू येत असे. आग शाळेत होती. राख आमच्या घरात पडत होती. ती त्याने नेमकी घरातच टाकली, कारण टाकण्यासाठी त्याला तेवढीच एक सुरक्षित जागा होती.

यानंतर आम्ही जे केले, त्यात चमत्कार काही नाही. वर्गशिक्षिकेची भेट घेतली. मुलाने इंग्रजी धडा रोज आजीला वाचून दाखवावा आणि त्याचा अर्थ मराठीत सांगावा, असे ठरविले. आजीला इंग्रजी येत नाही, तेव्हा ती हसण्याचा प्रश्नच नव्हता. सुटी संपल्यावर हा पाठ दूरध्वनीवरून चालू राहिला. तो आजही अडखळतो, महिन्यातून एखादे वेळी दप्तरही भिरकावतो. परंतु वह्या शाळेत राहात नाहीत आणि घरात खोटे बोलले जात नाही. एवढा लाभ मला थोडा वाटत नाही.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवीन नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघाच्या द्वारे शिक्षेवाचून शिक्षणाचा विचार मांडला, त्यास आता शंभर वर्षे होत आली. पुढे ताराबाईंनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नसत. त्यांना उनाड ठरवून मोकळे होणे सोपे होते. या दोघींनी मुलांना दोष न देता शाळाच कुरणात नेली आणि त्यातून ‘कुरणशाळा’ जन्मास आली. मूल बदलत नसेल, तर त्याच्या भोवतालची परिस्थिती बदलून पाहावी, हा त्यातील धडा प्रत्येक घराला लागू आहे.

लाड नव्हेत, शिस्तच

‘आम्ही मार खाऊनच घडलो’ असे उत्तर यावर हमखास मिळते. ते सर्वस्वी खोटे आहे, असे मी म्हणणार नाही. पण माराबरोबर आपल्या वाट्यास आणखी काय काय आले होते, हे आपण विसरतो. भरलेले घर होते, आजोबांच्या गोष्टी होत्या, नदी होती, रागावलेल्या बापापासून पदराआड घेणारी आजी होती. आपण घडलो ते कशामुळे, याचा हिशेब इतका सोपा नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त पोहण्यास भिणाऱ्या मुलाला मारणारी आई आहे, हे खरे. परंतु अंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या श्यामपुढे आपला पदर पसरणारी आईही तीच आहे. तिने हट्ट चिरडला नाही, त्याची थट्टाही केली नाही. तो पुरविला आणि त्याच क्षणी मनाच्या स्वच्छतेची गोष्ट मुलाच्या कानी घातली. वाचकांच्या स्मरणात अधिक खोल रुतून बसला आहे तो हाच प्रसंग.

मार नको याचा अर्थ मोकाट सोडा असा नव्हे. नियम थोडे असावेत, पण ते रोज तेच असावेत आणि आई, वडील व आजीआजोबा या सर्वांचे असावेत. नऊ वेळा नाकारलेली वस्तू दहाव्या आक्रोशाला दिली, तर मूल दहा वेळा रडावयास शिकते. अधूनमधून फळ मिणारी सवय सर्वांत चिवट असते, हे स्किनर यांच्या प्रयोगांनी दाखविलेच आहे. संतापाच्या ऐन भरात उपदेश करू नये. त्या वेळी मुलाच्या कानांत शब्द शिरत नाहीत. जवळ थांबावे, त्याला किंवा इतरांना इजा होऊ देऊ नये, आवाज खाली ठेवावा आणि बोलणे नंतरसाठी राखून ठेवावे. ‘अभ्यास कर’ म्हणण्याऐवजी ‘आधी गणित की आधी मराठी?’ असे विचारले, तर मुलाचा मान राहतो आणि कामही होते. मूल चांगले वागते तेव्हा आपण आपल्या कामात असतो आणि बिघडते तेव्हा धावत येतो; हा क्रम उलटा करून, त्याने धाकट्या बहिणीला खेळणे दिले, ते आपण पाहिले असे आवर्जून सांगावे.

शिक्षा आणि परिणाम यांत रुडॉल्फ ड्रायकर्स या मानसोपचारतज्ज्ञाने केलेला भेदही उपयुक्त आहे. पाणी सांडले म्हणून थप्पड ही शिक्षा; सांडलेले पाणी स्वतः पुसणे हा परिणाम. थपडेने मुलाचे लक्ष मारणाऱ्याकडे जाते, पुसण्याने ते आपल्या कृतीकडे वळते. आणि एवढे करूनही महिनोन् महिने फरक पडत नसेल, तर डोळे आणि कान तपासून घ्यावेत, तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. वाचन-लेखनाची अक्षमता हा आळस नव्हे, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही मान्य केले आहे.

चापट स्वस्त का पडते?

हे सारे पालकांना कळत नाही असे नाही. त्याला लागतो वेळ, आणि वेळ हीच आजची सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे. चापट दोन सेकंदांत होते. मुलाचे ऐकून घेण्यास अर्धा तास लागतो. कुकडीच्या पाण्याने आमच्या भागात बागायत फुलली. त्याबरोबर कांद्याची लागवड, टोमॅटोची तोडणी, खुरपणी ही कामे वर्षभराची झाली. सकाळी डबा घेऊन बाहेर पडलेली बाई दिवेलागणीला परतते, तेव्हा स्वयंपाक तिची वाट पाहत असतो. तिला ‘मुलाशी शांतपणे बोला’ असे सांगणे सोपे आहे. त्यातच उसाच्या फडांत बिबट्याने घर केले. २००१ च्या सुमारास जुन्नर तालुक्यात त्याचे हल्ले वाढले आणि ती भीती आजतागायत गेलेली नाही. वाड्या-वस्त्यांवरची मुले दिवस कलताच घरात कोंडली जातात. अंगातली रग जिरविण्यास अंगण नाही, हातात मोबाइल; आणि तो काढून घेतला की आकांडतांडव. यातले किती मुलाच्या स्वभावाचे आणि किती परिस्थितीचे, हे प्रत्येकाने स्वतःशी ठरवावे.

म्हणून हा प्रश्न एकट्या आईबापांच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली, तो कायदा २०१० पासून अमलात आहे. घरातील छडी मात्र केवळ कायद्याने खाली ठेवली जाणार नाही. तेथे पालकांना साथच द्यावी लागेल. त्याच कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आणली. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. छप्पर, पाणी आणि पोषण आहार यांबरोबर वर्षातून चार बैठका ‘आमची मुले अशी का वागतात’ या एकाच विषयासाठी ठेवता येणार नाहीत काय? शिक्षकांनी बोलावे थोडे, आयांना बोलू द्यावे. अंगणवाडीताईंना या कामासाठी उसंत आणि मान द्यावा. गावाने शाळेच्या आवाराला कुंपण आणि दिवे देऊन सायंकाळचा एक तास मुलांना खेळावयास मोकळा करून द्यावा. यास फार मोठा निधी लागत नाही.

मुलाला चापट मारली, तर त्या क्षणी घर शांत होते, हे मी अनुभवाने सांगतो. त्या शांततेची किंमत मात्र पुढे मोजावी लागते. आणि ती मूल एकटे मोजत नाही. माझ्या मुलाने त्या दिवशी नदीकाठी राखेची चिमूट हातात घेऊन विचारले, “बाबा, एवढ्या लांबून ही इथंच का पडली?” मजपाशी तेव्हा उत्तर नव्हते. आज सायंकाळी आपल्या घरात आदळआपट सुरू होईल, तेव्हा हात उगारण्यापूर्वी प्रत्येक पालकाने हाच प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.