ओसीटीचा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

पुण्याजवळच्या आकुर्डी, भोसरी, तळवडे या कारखान्यांच्या पट्ट्यात डोळ्याच्या पडद्याला धोका तीन बाजूंनी येतो : वर्कशॉपमधला प्रखर प्रकाश, गणपतीच्या मिरवणुकीतला लेझर आणि वर्षानुवर्षं गप्प राहून काम करणारा मधुमेह. तिन्हींत डॉक्टर चिठ्ठीवर एकच तपासणी लिहितात, ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन. तासाभरात रंगीत कागद हाती येतो आणि घरातले सगळे त्यावरचा लाल-हिरवा रंग बघून निकाल लावून मोकळे होतात. तो कागद वाचण्याआधी काही समज दुरुस्त करायला हवेत.

पहिला समज भीतीचा. "हा सीटी स्कॅनच, सारखा केला तर किरणं बाधतात." ओसीटीत क्ष-किरण नसतातच. साधारण ८४० नॅनोमीटरचा, लाल रंगापलीकडचा मंद प्रकाश डोळ्यात सोडतात आणि पडद्याच्या एकेका थरावरून तो किती मागेपुढे परततो, ते दुसऱ्या प्रकाशझोताशी ताडून मोजतात. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या पाच-सात भागांइतका बारीक फरकही दिसतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये काम करणाऱ्या डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोतो, एरिक स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली; २०२३ मध्ये या तिघांना लास्कर पुरस्कार मिळाला. दर महिन्याला करावी लागली तरी ही तपासणी बाधत नाही.

दुसरा समज कामगारांत फार पक्का आहे. "आर्क लागून डोळे रात्रभर ठणकले म्हणजे पडदा भाजला, ठणकले नाहीत म्हणजे काही झालं नाही." वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. वेल्डिंगच्या अतिनील किरणांचा मार बुबुळावरच्या पारदर्शक पटलावर बसतो. सहा ते बारा तासांनी डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि बहुतेकदा एक-दोन दिवसांत भरून येतं. पडद्याला मात्र वेदना कळतच नाही. आर्ककडे काच न धरता टक लावून पाहिलं तर त्यातला निळसर दृश्य प्रकाश थेट पडद्याच्या मध्यबिंदूपर्यंत जातो आणि तिथली इजा दुखत नाही. फक्त अक्षराच्या मधोमध एक डाग येतो. फायबर लेझर कटिंग त्याहून फसवं. त्याचा १०७० नॅनोमीटरच्या आसपासचा किरण डोळ्याला दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, पण तो पडद्यापर्यंत पोहोचतो. जुन्या कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण बाहेरच्या पटलावरच अडतो. म्हणून गॉगल त्या-त्या लेझरच्या तरंगलांबीचाच लागतो. नुसती काळी काच म्हणजे संरक्षण नव्हे.

मिरवणुकीतल्या लेझरबद्दल "क्षणभर डोळ्यावर आला तर काय होतंय" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो आणि घालत राहीन. भिंगाने ऊन एकवटून कागद जाळतात, तसं डोळ्यातलं भिंग समांतर किरण एकवटतं आणि पडद्यावर त्याची तीव्रता लाखपटीच्या घरात जाते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. एक मिलिवॉटच्या पॉइंटरपासून तेवढ्यात बचाव होतो, ५०० मिलिवॉटपुढच्या यंत्रापासून होत नाही. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर पुण्यात आणि २०२४ मध्ये कोल्हापूरजवळच्या उचगावात तरुणांच्या डोळ्यांना अशा इजा झाल्याच्या बातम्या आल्या. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी लेझर बीमवर बंदीचा आदेशही काढला.

अशा डोळ्याचा स्कॅन काढला की कधी पडद्याला आरपार छिद्र दिसतं. कधी साकळलेलं रक्त दिसतं, आणि मग त्याखाली नुसती सावली पडते, कारण रक्तातून हा प्रकाश पार होत नाही. म्हणून रक्त ओसरल्यावर स्कॅन पुन्हा काढावा लागतो. पहिला कागद बघून समाधान मानू नये. लहान इजेत आणखी एक चकवा असतो : पडद्याच्या जाडीचा कागदावरचा आकडा नॉर्मल येतो, पण प्रकाश टिपणाऱ्या पेशींची चित्रातली बारीक चमकदार रेघ मध्येच तुटलेली असते. नजर त्या तुटीमुळे जाते. आकडा वाचला आणि चित्र पाहिलंच नाही, तर इजा निसटते.

आकडाही एकटा काही बोलत नाही. आजच्या यंत्रांवर पडद्याच्या मध्यभागाची जाडी साधारण २५० ते २८० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तितके हजारावे भाग, येते. मधुमेहाने सूज आली की ती वाढते, काचबिंदूत मज्जातंतूंचा थर झिजतो. पण पडद्याची खालची हद्द कुठे धरायची हे प्रत्येक यंत्राचं वेगळं. जुन्या आणि नव्या यंत्रावर एकाच डोळ्यात ६०-७० मायक्रॉनचा फरक पडू शकतो. दोन सेंटरचे कागद शेजारी ठेवून "सूज वाढली" म्हणणं चूक. मोतीबिंदूमुळे सिग्नल कमी आला असेल तरी आकडा घसरतो. लाल-हिरवा रंग तर निरोगी लोकांच्या सरासरीशी केलेली तुलना आहे, निदान नाही. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्याला काचबिंदू नसतानाही लाल रंग येऊ शकतो.

आणि ओसीटी झाली म्हणजे सगळा पडदा पाहून झाला, असंही नाही. नेहमीचा स्कॅन मध्यभागातला साधारण सहा मिलिमीटरचा चौकोन पाहतो. कडेची चीर किंवा मधुमेहाने कडेला फुटलेल्या नव्या रक्तवाहिन्या पाहायला थेंब टाकून, बाहुली मोठी करूनच तपासावं लागतं. टाइप २ मधुमेहात ती तपासणी निदान झालं तेव्हाच आणि पुढे साधारण दरवर्षी करायची, दिसायला सगळं स्पष्ट असलं तरी.

माझा आग्रह एवढाच, की लेझर मशीनवर माणूस घेताना त्याच्या धडधाकट डोळ्यांचा एक स्कॅन कंपनीने काढून ठेवावा आणि त्याची प्रत त्याच्याकडेही द्यावी. उद्या काही झालंच तर डॉक्टरांना परक्यांच्या सरासरीशी नव्हे, त्याच्याच कालच्या डोळ्याशी तुलना करता येईल. कामावर झालेली इजा ईएसआय या कामगार विमा योजनेसमोर मांडतानाही तोच कागद त्याच्या बाजूने उभा राहील.