खाली बार, वर बिऱ्हाड : रात्री दहानंतर तक्रार कुठे आणि कशी?

वसई-विरारमध्ये तळमजल्यावर परमिट रूम आणि वरच्या मजल्यांवर कुटुंबे, हे चित्र नवे नाही. आवाजाची तक्रार केली की ‘आमच्याकडे परवाना आहे’ असे उत्तर मिळू शकते.

परवाना म्हणजे आवाजाची मुभा?
नाही. उत्पादन शुल्क विभागाचा परवाना मद्यविक्रीचा असतो. आवाजाला ध्वनिप्रदूषण नियम, २००० लागू होतात.

मर्यादा किती?
रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी क्षेत्रात ४५ आणि व्यावसायिक क्षेत्रात ५५ डेसिबल. खासगी साउंड सिस्टीमचा आवाज जागेच्या हद्दीवर या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा जास्त वाढता कामा नये. दारे-खिडक्या बंद असल्या तरी यातून सुटका नाही.

तक्रार कुठे करायची?
आवाज सुरू असताना ११२ वर. त्रास रोजचा असेल तर तारीख-वेळेच्या नोंदींसह पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

नाव उघड होईल?
कुर्ल्यातील नेहरूनगरच्या भोंग्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावले, की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा आणि ती उघडही करू नका.

मीटर ठीक, तरी घर हादरते?
नेहमीच्या डेसिबल मापनात बासचे खालचे सूर कमी मोजले जातात. हेच हादरे खांब आणि स्लॅबमधून वर चढतात. छताला ठोकलेले स्पीकर उतरवणे, सब-वूफरखाली रबरी पॅड ठेवणे आणि बास कमी करणे हे उपाय स्वस्त आहेत. त्यासाठी मालकाला एकदा रात्री आपल्या बेडरूममध्ये बोलावून ऐकवा.