विरळ हवा आणि कॅमशाफ्टची निवड

चेन्नईतील मैलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर आहे, तर लडाखमधील खार्दुंग ला ही खिंड सुमारे ५,३५० मीटर उंचीवर असून तेथील हवेचा दाब मैलापूरच्या जवळपास निम्माच असतो. त्यामुळे सिलिंडरमध्ये येणारा प्राणवायू घटतो आणि इंजिनाची ताकदही उतरते.

ही तूट कॅमशाफ्ट बदलून भरून निघत नाही, मात्र चुकीच्या निवडीने ती वाढते. कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा असून व्हॉल्व केव्हा, किती आणि किती काळ उघडे राहणार हे त्या उंचवट्यांच्या आकारावर ठरते. शर्यतीच्या कॅममध्ये हा कालावधी, म्हणजे ड्युरेशन, दीर्घ असल्याने पिस्टन तळ गाठून वर चढू लागल्यावरही इनटेक व्हॉल्व बराच वेळ उघडा राहतो. जास्त आरपीएमवर याचा लाभ होतो, परंतु कमी आरपीएमवर आत आलेल्या हवा-इंधन मिश्रणाचा काही भाग परत बाहेर ढकलला जातो आणि मुळातच विरळ हवेचा दाब आणखी घटतो. म्हणून घाटातील संथ चढणीसाठी बेताच्या ड्युरेशनचा, इनटेक लवकर मिटवणारा कॅम श्रेयस्कर ठरतो.

चेन्नईच्या रॉयल एनफिल्डने २०१६ मध्ये आणलेल्या ४११ सीसीच्या हिमालयन मोटारसायकलचा रोखही कमी आरपीएमवरील ओढीकडेच होता, कारण तिचा ३२ न्यूटन-मीटर इतका कमाल टॉर्क ४,००० ते ४,५०० आरपीएमदरम्यानच मिळतो. कॅमखेरीज आणखी एक बदल शक्य असतो: विरळ हवेत नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी पेटण्याचा, धोका कमी असल्याने कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, वाढवता येतो. मात्र तेच इंजिन मैलापूरच्या उन्हातही चालवायचे असल्यास ही वाढ बेतानेच करावी लागते.