उपासना की मांडलिकत्व?

वैज्ञानिक कथा-कादंबऱ्यांत विश्वव्यापी, देवसदृश अशी एखादी सत्ता वारंवार भेटते. आसपासचे ग्रह तिची पूजा करतात, असेही पुष्कळदा वर्णिलेले असते. ही पूजा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र अशा कथा वाचताना सहसा बाजूस राहतो. बलवत्तरापुढे नमणे आणि देवाला भजणे या दोन भिन्न क्रिया होत. कथाकार त्यांची गल्लत करतो, आणि वाचकही ती चालवून घेतो.

पहिल्या क्रियेचे उदाहरण जव्हारनजीकच्या शिरपामाळावर सापडते. १६६४ च्या सुमारास सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांची व जव्हारचा राजा विक्रमशहा याची येथे भेट झाली आणि शिरपेचाच्या मानावरून माळास हे नाव पडले, अशी परंपरा आहे. वाटेने जाणाऱ्या मोठ्या सत्तेचे लहान राज्याने केलेले हे स्वागत होय. त्यातून लाभलेला सलोखा फार काळ टिकला नाही. १६७२ साली मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकून घेतले. कथांतील ग्रहांची पूजा बहुधा याच जातीची, म्हणजे मांडलिकाच्या नजराण्यासारखी असते.

फ्रेड हॉईल यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) या कादंबरीत ही गल्लत नाही. (हॉईल हे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू, हे मराठी वाचकास सांगावयास नकोच.) तीतील सचेतन मेघ ऊर्जा घेण्यासाठी सूर्यापाशी थांबतो, प्रकाश अडून पृथ्वीवर भयंकर प्राणहानी होते. यात मेघाचा द्वेष नसतो. एखाद्या ग्रहावर बुद्धिमान प्राणी असतील, ही कल्पनाच त्याला नसते. त्याच्यावर सोडलेली अस्त्रे तो सोडणाऱ्यांकडेच परत धाडतो. देवत्वाची सारी बाह्य लक्षणे येथे आहेत. तरीही हॉईल यांचे शास्त्रज्ञ त्याची आरती न करता त्याच्याशी बोलू लागतात, हे मला त्या कादंबरीचे मोठेच शहाणपण वाटते. उलट, आपल्याहून श्रेष्ठ बुद्धी विश्वात आहे काय, या प्रश्नाच्या मागावर अखेर मेघच निघून जातो.

दुसऱ्या क्रियेसाठी शिरपामाळापासून दूर जावे लागत नाही. या भागातील वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. ‘लिहिणे’ हाच त्यांचा शब्द. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. चौकात सूर्य असतो, चंद्र असतो, पण त्यांची जागा वरच्या बाजूस, कडेला. मेघाने झाकल्यावर ज्याच्यावाचून पृथ्वी गोठली, तो सूर्य येथे वऱ्हाड्यासारखा बाजूला उभा राहतो. मधली जागा पालघट देवीची. झाडेझुडपे आणि संतती तिच्या हाती, आणि ती चौकात आल्यावाचून लग्न लागत नाही.